चारोळी उतरवायची वेळ

समजा, तुम्हाला चारोळी भाजायची आहे. जाड बुडाची लोखंडी कढई घ्या. तेल नको, तूप नको. आच इतकी मंद ठेवा की कढईवर तळहात धरून सावकाश चार आकडे मोजता यावेत. आता दोन मुठी चारोळी टाका. त्याहून जास्त नको, थर जाड झाला की खालची करपते आणि वरची कच्ची राहते. उलथनं थांबू देऊ नका. आता सांगा, कढई कधी उतरवाल?

रंगावर जाऊ नका. चारोळी मुळातच तांबूस असते, तिच्या अंगावर ठिपके असतात. रंग बदललेला डोळ्यांना दिसतो तोवर उशीर झालेला असतो. आवाजावरही जाऊ नका. शेंगदाणा तडतडून सांगतो, चारोळी शेवटपर्यंत गप्प राहते. एक दाणा चावून पाहाल? गरम दाणा मऊच लागतो, कुरकुरीतपणा निवल्यावर येतो. मऊ लागला म्हणून तुम्ही कढई आणखी थोडा वेळ ठेवाल आणि सगळा घाणा वाया घालवाल. नवशिके हमखास इथे फसतात. उरलं नाक. आधी ओल्या लाकडासारखा वास येतो, मग साईसारखा, मग एकाएकी खरपूस. तो खरपूस वास सुरू झाला की कढई खाली, आणि दाणे लगेच परातीत, कारण तापलेलं लोखंड चुलीवरून उतरल्यावरही भाजतच राहतं.

आता असं समजा, की नाकही नाही.

हिंगणीच्या तानाबाई दोन वर्षं अशाच भाजत होत्या. गावात हे कोणाला माहीत नव्हतं, घरातही नव्हतं.

तानाबाईंचं वय बासष्ट. तरुणपणी बोर धरणाच्या कालव्यावर माती उचलली, नंतर सतरा वर्षं शाळेत पोरांची खिचडी शिजवली. नवरा श्रावण वनविभागाच्या रोपवाटिकेत कामाला होता, आता दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हवामान सांगतो. मुलगा रुपेश पर्यटकांना जंगलात फिरवणारी जिप्सी चालवतो. सून काजल बी.एस्सी. झालेली, सेलूजवळच्या एका तेल कारखान्यात सोयाबीनचा ओलावा तपासते. सकाळी स्कूटीवर जाते, संध्याकाळी येते.

गावात बुद्धविहार आहे. बुद्धपौर्णिमेला तिथे खीर होते, आसपासच्या चार गावांतली माणसं येऊन खातात. तेवीस वर्षांपूर्वी, विहारावर अजून टिनपत्रे होते तेव्हा, त्या खिरीत चारोळी कच्चीच टाकत. तानाबाईंनी एक घास खाल्ला आणि सगळ्यांदेखत विचारलं, "खिरीत आरामशिनीचा भुसा टाकला काय वो?" तेव्हाचे अध्यक्ष महादेवराव तिथेच उभे होते. ते म्हणाले, "लय जीभ चालते ना तुही? मंग पुढच्या साली तूच भाज."

पुढच्या साली त्यांनी भाजली. मग दर साली त्यांनीच भाजली. विहाराने त्यासाठी एक मोठी लोखंडी कढई आणली. ती विहाराच्या मालकीची, पण वर्षभर राहायची तानाबाईंच्या स्वयंपाकघरात, फळीवर उलटी. गावातल्या बायका तीळ, जवस, शेंगदाणे घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "काकू, जरा पाहून सांगा ना, झाले का?" तानाबाई वाटीवर नाक न्यायच्या आणि सांगायच्या, "अजून दोन मिनिटं." किंवा, "आता कायले आणले? कालच उतरवाचे होते."

मागच्या दिवाळीच्या आदल्या दिवाळीत त्यांना ताप आला. आठ दिवसांनी उतरला. नवव्या दिवशी त्यांनी चटणीसाठी जवस भाजायला घेतले. काजल आतल्या खोलीतून धावत आली तेव्हा कढईतून निळा धूर निघत होता आणि तानाबाई शेजारी बसून शांतपणे उलथनं फिरवत होत्या.

"आई, अवं जळून राह्यलं ना!"

"डोया लागला व्हता माहा," तानाबाई म्हणाल्या.

डोळा लागलेल्या माणसाचं उलथनं फिरत नाही. पण काजलला कामावर जायची घाई होती, तिने खिडक्या उघडल्या आणि ती गेली.

त्या दिवशी तानाबाईंनी घरातल्या एकेका वस्तूला नाक लावून पाहिलं. हिंगाची डबी. उदबत्तीचा पुडा. फिनाइलची बाटली. शेवटी श्रावणची तंबाखूची चंची, जिच्या वासाने त्यांना तीस वर्षं मळमळत आलं होतं. काहीच नाही. पुढच्या आठवड्यात गुडघे दाखवायला जाते म्हणून त्या एकट्याच एसटीने वर्ध्याला गेल्या. डॉक्टरने सांगितलं, तापाने वासाची नस दुखावली आहे. वास परत येईल, किंवा येणार नाही. घरी परतताना त्यांनी गुडघ्याचं मलम विकत घेतलं, कारण गुडघ्यांसाठी गेलेल्या बाईने रिकाम्या हाताने येणं बरं दिसलं नसतं. महिनाभर ते चोळलंही.

"तुले या मलमाचा वास येत नाई का?" श्रावण नाक दाबून विचारायचा.

"दवा म्हटली तं वास राहीनच," त्या म्हणायच्या.

चव पूर्ण गेली नव्हती. गोड, खारट, आंबट, कडू एवढं जिभेला कळायचं. करपलेला दाणा कडू लागतो, म्हणजे करपलेलं ओळखता येणार होतं. कच्चा आणि नीट भाजलेला यांतला फरक मात्र निवलेल्या दाण्याच्या कुरकुरण्याशिवाय दुसऱ्या कशानेच कळत नव्हता. शेंगदाण्यांचं त्यांनी कानांवर निभावलं. चारोळीसाठी त्यांनी वेगळी युक्ती काढली. वंदनेतलं त्रिशरण-पंचशील त्यांना श्वास घ्यावा इतकं सहज येत असे. मंद आचेवर, ओठांतल्या ओठांत, आपल्या नेहमीच्या चालीने तीन वेळा म्हटलं की चारोळी होते, असं त्यांनी घरच्या घरी चार-पाच वेळा भाजून ठरवलं. पाहणाऱ्याला वाटायचं, बाई श्रद्धेनं भाजून राह्यली.

गेल्या वर्षीची खीर त्यांनी अशीच काढली. पाचशे माणसं जेवली. "झकास झाली काकू," असं निदान वीस जण म्हणाले. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

या वर्षी पौर्णिमेच्या आठ दिवस आधी सुंदरा आली. सुंदरा जंगलाला लागून असलेल्या टोल्यावर, छोट्या वस्तीत राहते. घरात गोंडी बोलते, तानाबाईंशी मराठी. दोघींनी एकाच कालव्यावर माती उचललेली, त्यामुळे एकमेकींना काहीही बोलायची मुभा. चारं, म्हणजे चारोळीची फळं, पिकली की सुंदराच्या घरचे ती वेचतात, गर धुऊन बिया वाळवतात, जात्यावर हलक्या हाताने भरडतात. बाकीची चारोळी बाजारात जाते. विहाराच्या खिरीची सुंदरा स्वतः आणून देते आणि पौर्णिमेला कडीच्या डब्यात खीर घेऊन जाते. हा त्यांचा व्यवहार बावीस वर्षांचा.

सुंदराने पिशवीतून प्लास्टिकची पुडी काढून दिली. तानाबाईंनी दर वर्षीसारखी ती नाकाशी नेली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "वा! यंदा मस्त वास सुटला हाये."

"बाई, म्या गाठ तं सोडलीच नाई अजून."

पुडीवर पुडी, त्यावर सुतळीची गाठ होती. तानाबाईंनी क्षणभर पुडीकडे पाहिलं.

"तुह्या हाताले लागला हाये ना वास," त्या म्हणाल्या.

सुंदराने स्वतःचा हात हुंगला. "माह्या हाताले बकरीचा वास हाये. आत्ताच बांधून आली."

दोघीही हसल्या. सुंदरा आधी थांबली. तिने गाठ सोडली, मूठभर चारोळी परातीत ओतली आणि बोटांनी पसरली. "यंदा वाळवाच्या वक्ती दोनदा पानी आलं. ओली हाये. जास्त वेळ लागन, ध्यान ठेवजो." मग उठता उठता म्हणाली, "आन माहा डबा विसरू नको."

दुसऱ्या दिवशी ज्योत्स्ना आली. ती अंगणवाडी सेविका, शिवाय विहाराच्या महिला मंडळाची अध्यक्ष. चाळिशीची, कामाला वाघ, आणि कोणतंही काम आजच्यापेक्षा कमी वेळात कसं होईल याचा सतत विचार करणारी. तिच्या हातात चकचकीत पाकिटं होती.

"जयभीम काकू. हे पाहा, भाजलेले काजू-बदामाचे काप. पाकीट फोडलं, टाकलं, झालं. तुम्ही कायले चुलीजवळ बसता या वयात? अन् कढई आता विहारातच आणून ठेवा. तिथं रॅक केला आपण."

"गंज चढन तिथं."

"मी तेल लावीन ना."

"तू अंगणवाडीतल्या पोराइले तेल लाव आधी," तानाबाई म्हणाल्या. ज्योत्स्ना हसली, पण पाकिटं तिने परत पिशवीत टाकली नाहीत. तानाबाईंनी ते पाहिलं. मग जे बोलायचं त्यांनी ठरवलं नव्हतं ते बोलून गेल्या. "हे पाय, यंदाची चारोळी मी भाजते. दाणा कच्चा राह्यला, नाईतं करपला, तं कढई तू घेऊन जाजो. मी एक शब्द बोलणार नाई."

"काकू, असं कुठं म्हटलं मी?"

"मी म्हटलं ना."

रविवारी काजल घरी होती. तानाबाईंनी स्वयंपाकघरातल्या गॅसवर लहान कढई ठेवली आणि सुंदराच्या चारोळीतली दोन मुठी भाजायला घेतली. ओठ हलत होते. सुंदराने बजावूनही सवयीने तीनच वेळा पंचशील झालं, कढई उतरली, दाणे परातीत पडले. काजल शेजारी भाजी निवडत होती. तिने एक दाणा तोंडात टाकला.

"आई, कच्ची आहे."

"गरम दाणा चावून कोन सांगते वो? बी.एस्सी.त हेच शिकवलं का? निवू दे."

काजलने निवू दिलं. भाजी निवडून झाली, कणीक मळून झाली. मग तिने परत एक दाणा खाल्ला आणि एक सासूच्या हातावर ठेवला. तानाबाईंनी चावला. दाणा दाताखाली दबला, फुटला नाही.

"वासही कच्चाच येऊन राह्यला," काजल म्हणाली. "ओल्या भुशासारखा. तुम्हाले कसा नाई आला?"

तानाबाईंनी परात हलवून दाणे सारखे केले. काजल रोज कारखान्यात ओलावा मोजणारी मुलगी; एक आकडा चुकला की मागचे सगळे आकडे तपासायची तिला सवय. तिला जळलेले जवस आठवले. गुडघ्याचं मलम आठवलं. मागच्या आठवड्यात उतू जाऊन करपलेलं दूध आठवलं, जे सासूबाईंनी मुकाट्याने विरजण लावून ठेवलं होतं.

"कवापासून, आई?"

"दोन दिवाळ्या झाल्या. गुडघे दाखवाले म्हणून वर्ध्याले गेल्ती, ते नाकच दाखवाले."

"बाबाले माहीत आहे?"

"त्याले सांगितलं म्हंजे गावाले सांगितलं."

काजलने एक कच्चा दाणा बोटांत दाबून पाहिला. मग म्हणाली, "मंग मोबाईलवर टायमर लावायचा ना. पंचशील काऊन मोजता?"

"बावीस वर्ष झाले भाजून राह्यली. आता घड्याळ पाहून भाजली तं लोक विचारतीन नाई का, ताना कायले घड्याळ पाहते?"

दोघींनी दुपारभर भाजून पाहिलं. चार वेळा पंचशील म्हटल्यावर दाणा जवळ आला. पाचव्या वेळी काजलने हात वर केला, कढई उतरली, आणि निवल्यावर दाणा दाताखाली टचकन फुटला. यंदाच्या ओल्या चारोळीला पाच वेळा, असं ठरलं. "कोनाले सांगजो नको," तानाबाई म्हणाल्या. काजलने मान हलवली आणि पौर्णिमेच्या दिवशी सुटीसाठी अर्ज टाकला.

पौर्णिमेच्या सकाळी विहारामागच्या मांडवात दोन चुली पेटल्या. एकीवर दुधाचं पातेलं, दुसरीवर कढई. तानाबाईंनी निखारे बाजूला ओढून आच बसवली, कढईवर तळहात धरून चार मोजले आणि पहिला घाणा टाकला. पाच वेळा पंचशील, आणि दाणे परातीत. काजल पलीकडे बायकांबरोबर खोबरं किसत होती. तिने मान वर करून एकदा नाक फेंदारलं आणि मान खाली घातली. म्हणजे बरोबर.

दुसरा घाणा टाकला आणि विहारात माइक सुरू झाला.

गेल्या वर्षी वंदना सुरू व्हायच्या आत भाजून झालं होतं, त्यामुळे घरी सराव करताना ही गोष्ट दोघींच्याही ध्यानात आली नव्हती. सामूहिक वंदना घरच्यासारखी भराभर होत नाही. पुढे बसलेले भन्ते, म्हणजे भिक्खू, एकेक ओळ संथपणे म्हणतात, मागून दोनशे माणसं ती ओळ तशीच लांबवून म्हणतात, आणि लहानपणापासून त्या सुरात सूर मिसळणाऱ्या माणसाचे ओठ आपोआप त्यांच्यामागे जातात. तानाबाईंचे गेले. उलथनं फिरत होतं, ओठ हलत होते, आणि त्यांच्या मोजणीतलं तिसरं पंचशील संपतच नव्हतं. आपण आपल्या चालीने म्हणत आहोत, अशीच त्यांची समजूत होती.

काजलच्या हातातली खोबऱ्याची वाटी खाली पडली. "आई, उतरवा!"

"अजून दोन राह्यले," तानाबाई म्हणाल्या.

"उतरवा म्हणते ना!"

तानाबाईंनी कढई उचलून दुसऱ्या परातीत उपडी केली. मांडवातल्या बायका उठून आल्या. सगळ्यांच्या नाकाला पदर लागला होता. ज्योत्स्ना दुधाजवळून आली. तिने परातीकडे पाहिलं, मग तानाबाईंकडे.

"काकू, तुम्हाले वास नाई आला?"

तानाबाईंनी एक दाणा उचलला, फुंकर मारली आणि चावला. कडू होता.

"नाई आला," त्या म्हणाल्या. "दोन वर्ष झाले. कायचाच येत नाई."

माइकवरची वंदना चालूच होती. ज्योत्स्ना म्हणाली, "म्हणजे मागल्या साली पण..." आणि थांबली. तिने शेजारच्या बाईकडे पाहिलं. त्या बाईने दुधात डाव घातला आणि ढवळू लागली, खरं तर दूध आत्ताच ढवळून झालं होतं.

"करपला दाणा," तानाबाई म्हणाल्या. "कढई तुही झाली."

"ते पाहू मंग," ज्योत्स्ना म्हणाली. "आधी तिसरा घाणा टाका. काजल, तू तिकडं काय करते? इथं बस."

काजल चुलीजवळ येऊन बसली. तिसऱ्या घाण्याला पंचशील मोजलं नाही. तानाबाईंचा हात उलथन्यावर, काजलचं नाक कढईवर. एकदा काजल म्हणाली, "आता साईसारखा येऊन राह्यला." तानाबाईंनी विचारलं, "पातळ साय का जाड?" काजलने विचार करून सांगितलं, "जाड." तानाबाईंनी निखारा आणखी मागे ओढला. मग काजल म्हणाली, "आता," आणि तिचा शब्द संपायच्या आत दाणे परातीत होते. करपलेला घाणा बाजूला काढला. चारोळी कमी पडली ती उणीव ज्योत्स्नाच्या पाकिटांनी भरून निघाली.

जेवणं आटोपल्यावर तानाबाईंनी कढई स्वतः घासली, तेलाचा हात फिरवला आणि विहारातल्या नव्या रॅकवर उलटी ठेवली. बाकीची भांडी आवरून बाहेर आल्या तर कढई काजलच्या स्कूटीवर पायांपाशी ठेवलेली. ज्योत्स्ना दोरीची गाठ मारत होती.

"शब्द दिलता मी तुले," तानाबाई म्हणाल्या.

"गंज चढते म्हणे इथं," ज्योत्स्ना म्हणाली. "पुढच्या साली दोघी या. अन् काकू, गुडघ्याचं मलम उरलं असन तं मले द्या. माहे खरंच दुखतात." म्हणजे काजलने तेवढ्यात सगळं सांगून टाकलं होतं.

उन्हं कलल्यावर सुंदरा डबा घ्यायला आली. ती ओट्यावर बसली, डब्यातली चमचाभर खीर काढून खाल्ली, दाढेखाली चारोळी शोधून चावली. श्रावण तिला उद्याचं हवामान सांगत होता. तिने त्याचं पूर्ण ऐकून घेतलं. मग डब्याची कडी लावून उठली.

"यंदाची बरी झाली," ती म्हणाली आणि निघाली.

तानाबाईंनी मान हलवली. सुंदरा वळणापर्यंत पोचली तेव्हा ते शब्द त्यांच्या ध्यानात आले. त्या उठून ओट्याच्या कडेला गेल्या. "सुंदरे, यंदाची म्हंजे? अन् मागल्या सालची?"

सुंदराने मागे न बघता हात हलवला. ऐकू आलं की नाही, ते कळलं नाही.

तानाबाईंनी श्रावणला विचारलं. तो म्हणाला, "दोन वाट्या खाल्ल्या व्हत्या म्या."

"कशी व्हती ते विचारून राह्यली मी."

"अवं, आता वर्षाखालची खीर कोनाच्या ध्यानात राह्यते?"

काजल आत कढई फळीवर चढवत होती. तानाबाई तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. "तू व्हती ना मागल्या साली पंगतीत. तू तं वासावरून सांगू शकते. खरं सांग."

काजलने कढई दोनदा सरकवून नीट बसवली. "गोड होती, आई," ती म्हणाली.

गोड तर त्यांच्याही जिभेला कळली होती. साखर त्यांच्यासमोरच पडली होती. तानाबाई दाराच्या चौकटीला टेकल्या आणि मागच्या वर्षी "झकास झाली काकू" म्हणून गेलेल्या वीस जणांचे चेहरे एकेक करून आठवू लागल्या. पाचशे माणसांनी मागल्या साली भुसा खाल्ला असेल, तर त्यांच्यातल्या एकाने तरी, आपण स्वतः महादेवरावांदेखत विचारलं होतं तसं, काऊन विचारलं नाई?